बकऱ्याचं मूत्रपिंड: सोनोग्राफीचा फोटो आणि स्लाईड एकमेकांशी जुळवायची कशी

निपाणी, चिक्कोडी, खानापूर भागातली बरीच पोरं आता व्हेटर्नरीला आहेत, अथणीला पण कॉलेज झालंय, आणि अॅनाटॉमीचा छोटा प्रोजेक्ट करायचा म्हटलं की सगळे विचारतात अवयव कुठला घेऊ. माझं सांगणं, शेळीचं नाहीतर मेंढीचं मूत्रपिंड घ्या. गायबैलाचा विषयच नाही, २०२० च्या कायद्यानं कर्नाटकात त्यांची कत्तल बंद आहे, म्हैस पण १३ वर्षांवरचीच चालते, मग दर आठवड्याला ताजं सँपल मिळणार कुठून. मटणाच्या दुकानात मात्र रोज सकाळी मिळतं.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, सोनोग्राफीत जी जागा दिसली तीच जागा सूक्ष्मदर्शकाच्या स्लाईडवर आली पाहिजे. माझी पहिली १२ मूत्रपिंडं ह्याच्यामुळंच वाया गेली, फोटो छान आले, स्लाईड पण छान आल्या, पण कुठला काप कुठल्या फोटोचा ते सांगता येईना. खूप वाईट वाटलं तेव्हा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात खाटकाकडनं. आदल्या दिवशी जाऊन नीट बोला, अभ्यासासाठी पाहिजे म्हटलं की माणसं मदत करतात. दुकानात गुर्दा म्हणायचं, आणि खाटीक कन्नड बोलणारा असला तरी अडचण नाही, कन्नडमध्ये पण मूत्रपिंडच म्हणतात. गोंधळ होतो तो जनावराच्या नावात. आपल्याकडं बकरं म्हटलं की कुणी बोकड समजतो कुणी मेंढा, म्हणून मुंडकं आणि कातडं स्वतः बघा आणि वहीत शेळी का मेंढी ते स्पष्ट लिहा. तिथंच दात बघून आदत (दुधाचेच दात), दोन दाती, चार दाती का जुळलेलं (सगळे पक्के दात आलेलं) हे पण टिपून घ्या, वयाचा अंदाज त्यावरच येतो. दुसरं म्हणजे मूत्रपिंड पोटातनं काढायच्या आधी खूण करायची, डाव्याला दोऱ्याची एक गाठ, उजव्याला दोन, आणि दोरा डोक्याकडच्या टोकाला, कारण एकदा बाहेर आलं की डावंउजवं ओळखणं अवघड. हातमोजे घाला, ब्रुसेलोसिस हा आपल्याला पण होणारा आजार आहे.

आता घाई करायची, काय की मेलेल्या पेशी लगेच सडायला लागतात आणि मूत्रपिंडातल्या प्रॉक्झिमल नलिका, म्हणजे रक्त गाळणाऱ्या गुच्छाला लागून असलेल्या, सगळ्यात आधी खराब होतात. सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत घाला, पिशवी आईसबॉक्समध्ये, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका आणि फ्रीजरमध्ये तर अजिबात नको. आत बर्फाचे स्फटिक झाले की स्लाईडवर नुसती भोकं दिसतात.

लॅबमध्ये आल्यावर बाहेरची चरबी काढा, वरचं पातळ आवरण मात्र राहू दे. वजन करा, लांबी-रुंदी-जाडी व्हर्नियरनं घ्या, हे फॉर्मालिनच्या (टिश्यू सडू नये म्हणूनच्या द्रावणाच्या) आधीच, नंतर टिश्यू आकसतं. मग एका टबात उकळून गार केलेलं पाणी घ्या (न उकळलेल्या पाण्यात हवेचे बुडबुडे असतात आणि फोटो धुरकट येतो), तळाला जाड स्पंज ठेवा आणि त्यावर मूत्रपिंड. ७.५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा लिनियर प्रोब (मशीनचा हातात धरायचा सपाट तोंडाचा भाग) पुरतो. प्रोबला कव्हर घाला, पाण्यात थोडासाच बुडवा आणि पहिला लांबीचा काप घ्या, बाहेरच्या गोल कडेकडनं आत खोबणीकडं (जिथं रक्तवाहिन्या आत शिरतात). कॉर्टेक्स (बाहेरचा थर) राखाडी दिसतं, मेडुला (त्याच्या आतला थर) जवळजवळ काळं, मध्ये चरबीमुळं पांढरं चमकतं. कॉर्टेक्स आणि मेडुलाच्या सीमेवर बारीक चमकते ठिपके दिसतील, त्या कमानीसारख्या रक्तवाहिन्यांच्या भिंती. हे ठिपके लक्षात ठेवा, स्लाईड जुळवायला पुढं हेच उपयोगी पडतात.

हवा तो काप स्क्रीनवर आला की प्रोब हलवायच्या आधी त्याच रेषेत दोन बारीक सुया खुपसा, स्क्रीनवर सुई चमकताना दिसली पाहिजे, तेव्हाच जागा बरोबर. मग फोटो गोठवून सेव्ह करा. सुयांच्या रेषेतनं धारदार पात्यानं एकाच झटक्यात कापा, करवतीसारखं मागंपुढं नको, आणि कापलेल्या बाजूचा पट्टी शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढा. म्हणजे तीन चित्रं होतात, सोनोग्राफीचं, उघड्या डोळ्यांचं आणि सूक्ष्मदर्शकातलं, आणि मधलं चित्र नसेल तर बाकीची दोन जुळत नाहीत. आडव्या कापासाठी दुसऱ्या बाजूचं मूत्रपिंड वापरा.

फॉर्मालिन घरच्या अंदाजानं करू नका. बाजारातलं फॉर्मालिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, मोनोसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम, झालं १०% बफर्ड. तुकडा ३ ते ५ मिमी जाड, कॉर्टेक्सपासून आतल्या टोकापर्यंत पाचरीसारखा, आणि द्रावण तुकड्याच्या निदान १० पट. २४ ते ४८ तास ठेवा. लेबल कडक कागदावर पेन्सिलीनंच, पेनची शाई अल्कोहोल-झायलीनमध्ये निघून जाते.

पुढचं नेहमीचंच, चढत्या टक्क्याचं अल्कोहोल, झायलीन, ५८ ते ६० डिग्री वितळणारं पॅराफिन, ५ मायक्रॉनचे काप. लाईट जायची भीती असेल तर वॅक्सचं काम सकाळीच सुरू करा. रंग द्यायला हिमॅटॉक्सिलीन-इओसिन पहिल्यांदा, पास (PAS) स्टेनमध्ये नलिकांची ब्रश बॉर्डर (आतल्या कडेची ब्रशसारखी झालर) आणि पेशींखालचा पायाचा पडदा (बेसमेंट मेम्ब्रेन) गुलाबी-जांभळा उठून दिसतो, मॅसन स्टेनमध्ये तंतू निळे. गोल ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ) फक्त कॉर्टेक्समध्ये सापडतात, ते संपले तिथं सीमा, आणि तिथंच मघाच्या ठिपक्यांच्या रक्तवाहिन्या असतात. स्लाईडवर कॉर्टेक्सची जाडी सोनोग्राफीपेक्षा कमी भरते, ते आकसण्यामुळं, म्हणून दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यात लिहा, एकत्र सरासरी काढू नका.

जिवंत शेळीवर करायचं झालं तर आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी, मग उजव्या कुशीचे केस काढून जेल लावा. दोन्ही मूत्रपिंडं उजवीकडनंच सापडतात, कारण भरलेलं रुमेन (पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा) डाव्याला ढकलून मध्यरेषेच्या पलीकडं नेतं. डावीकडं अर्धा तास शोधत बसणारे मी बघितलेत.

वापरलेलं फॉर्मालिन गटारात ओतू नका, कॅनमध्ये साठवून कॉलेजच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीला द्या, आणि उरलेला अर्धा भाग स्लाईड नंबर घालून ताज्या फॉर्मालिनच्या बाटलीत जपून ठेवा, गाईडनी शंका काढली की परत तोच काप घेता येतो.