आधी भरतीची वेळ बघा, मग बोट ठरवा

ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघायला जायचंय? मग रविवार रिकामा आहे का, हे नंतर बघा. आधी भरतीचं वेळापत्रक उघडा. पूर्ण भरतीला चिखलाचे पट्टे बुडतात आणि पक्षी नेरूळच्या पाणथळ जागांकडे उडतात. पूर्ण ओहोटीला बोटच पुढे सरकत नाही. मधली वेळ साधायची. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मित्राची गेल्या आठवड्याची वेळ तुम्हाला उपयोगाची नाही. जानेवारी ते मार्च उत्तम. दुर्बीण, टोपी, पाणी घ्या. मोबाइलच्या झूमवर विसंबलात तर घरी गुलाबी ठिपकेच येतील! आणि थवा उडवायला नावाड्याला बोट जवळ न्यायला सांगू नका. 2022पासून ही खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.