पहिला पेपर पाठवण्याआधी

माझा पहिला संशोधन-पेपर छापून आला तेव्हा मी पाटील होते, तिसरा आला तेव्हा देशमुख. पहिल्यावर वडिलांच्या नावाचं अक्षर होतं, दुसऱ्यावर ते राहून गेलं, तिसऱ्यावर सासरचं आडनाव. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी अर्ज भरताना गूगल स्कॉलर ही पेपर शोधायची साइट उघडली, तर माझ्या नावाखाली ज्वारीच्या खोडकिडीवरचा दुसऱ्याच कुणाचा पेपर, आणि मी साडेतीन वर्षं खपून केलेला मात्र कुठेच नाही. आपल्याकडे एस. पाटील किती असतील, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून मॉलिक्युलर बायोलॉजीत नव्याने येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते: नाव कसं लिहायचं ते पहिल्या पेपरआधी ठरवा आणि तेच शेवटपर्यंत ठेवा. लग्नानंतर आधारकार्डावर काय बदलायचं ते बदला, पेपरवर नको. ऑर्किड (ORCID) नंबर काढा, म्हणजे नाव कसंही छापलं तरी तुमचे पेपर तुमच्याच खात्यावर राहतात. सोळा अंकी असतो, 2012पासून मिळतो, फुकट आहे.

आता साइटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरमध्ये आपल्या पेपरचा उल्लेख. माझ्या कामाचा पहिला उल्लेख झाल्याचं कळलं त्या रात्री मी होस्टेलवर तो पेपर घाईघाईने उघडला. वाटलं, निष्कर्षांवर चर्चा असेल. शोधत शोधत मटेरियल्स अँड मेथड्समध्ये, म्हणजे प्रयोग कसा केला ते सांगणाऱ्या भागात पोचले. तिथे एवढंच: प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे त्याचे छोटे तुकडे) अमुक पेपरमधून घेतले. फार हिरमुसले. दोन दिवसांनी परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, की त्यांनी आमच्या पेपरला जोडलेल्या सप्लिमेंटरी टेबलमधले प्रायमर जसेच्या तसे मागवले होते आणि त्यांची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, चालली होती. तो तक्ता मी मनाविरुद्ध, पेपर तपासणारा रिव्ह्यूअर अडून बसल्यामुळे केला होता. सिक्वेन्स, अॅनीलिंग तापमान (प्रायमर डीएनएला चिकटतो ते), किती बेसचा तुकडा मिळतो, सगळं. तो नसता तर आमच्या पेपरचा त्यांना काहीच उपयोग नव्हता.

ऑलिव्हर लॉरी यांचा 1951चा पेपर घ्या. प्रथिनांचं प्रमाण कसं मोजायचं, एवढाच विषय. त्याला तीन लाखांहून जास्त साइटेशन आहेत. वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा 1953चा पेपर त्याच्या जवळपासही नाही. कुणाचं काम मोठं, हा प्रश्नच या आकड्यातून सुटत नाही. रोज कुणाच्या बेंचवर काय लागतं, ते त्यातून दिसतं.

एच-इंडेक्सही तसाच. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो 2005मध्ये मांडला: तुमच्या 12 पेपरांना प्रत्येकी किमान 12 साइटेशन असतील, आणि 13 पेपरांना 13 नसतील, तर तुमचा आकडा 12. पहिल्या पाच वर्षांत तो लहानच असणार. शिवाय गूगल स्कॉलरवर वेगळा, स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसवर वेगळा दिसतो. अर्जात कुठला देताय ते लिहा. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती साइटेशन मिळतात, त्यावरून) एकेका पेपरची किंमत ठरवू नये, असं 2012च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने स्पष्ट म्हटलं आहे. मुलाखतीत सगळेच तसं वागत नाहीत, हेही खरं. तेव्हा आपल्या प्रत्येक पेपरमध्ये आपण नेमकं काय केलं, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

लेखकांच्या क्रमाबद्दल प्रयोग सुरू होतानाच विचारा. आपल्या विषयात पहिलं नाव सहसा काम केलेल्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं असतं. मधल्या नावांवरून मनं दुखावतात. मी विचारलं नाही आणि एका पेपरवर दुसरीवरून चौथी झाले. आणि जर्नल निवडताना, आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्यांच्या ईमेल सरळ डिलीट करा.

आमच्या लॅबमध्ये आता पेपर पाठवण्याआधी त्यातला एक प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाची लिहिलेली कृती, शेजारच्या बेंचवरच्या मुलाला करून बघायला देतो. लिहिणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. गेल्या खेपेला तो मुलगा दुसऱ्याच पायरीवर थांबला: सेंट्रीफ्यूज किती वेळ फिरवायचा, ते लिहायचंच राहिलं होतं.