मोठ्या झालेल्या नातवंडांशी कादंबऱ्यांवर गप्पा कशा मारायच्या

नातवंडं विशीत आली की त्यांना गोष्ट सांगायची नसते, त्यांच्याशी गोष्टीवर बोलायचं असतं आणि यात फार मजा आहे, फक्त सुरुवात नीट जमायला हवी.

आपली सगळ्यात लाडकी जाडजूड कादंबरी आधी काढू नका. त्यांचं सध्या काय चाललंय ते बघून पुस्तक निवडा. पहिली नोकरी लागून नवख्या गावी गेलेल्या नातवाला माडगूळकरांची बनगरवाडी (१९५५) द्या, त्यातला पोरसवदा मास्तर पण असाच धनगरांच्या वाडीवर जाऊन पडतो, आणि पुस्तक छोटंसं आहे त्यामुळे हातात घेतानाच दडपण येत नाही. होस्टेलवर राहणाऱ्या नातीला कोसला (१९६३) द्या, नेमाडेंनी ती पंचविशीच्या आसपास लिहिलीय हे पण सांगा.

देताना "आमच्या वेळी कसं होतं" हे लेक्चर नको, तुलाच का देतेय एवढं एका वाक्यात सांगा आणि विषय सोडा. "वाचून झालं का?" हे तर अजिबात नको, लगेच होमवर्क होतं त्याचं. अर्धवट सोडलं तर कुठे कंटाळा आला ते विचारा, कित्येकदा त्यावरच जास्त गप्पा रंगतात.

"कशी वाटली?" विचारलं की "छान" एवढंच येतं. त्यापेक्षा एखाद्या पात्राच्या वागण्यावर विचारा. विश्राम बेडेकरांच्या रणांगणमध्ये (१९३९) बोटीवर चक्रधर आणि हर्टा भेटतात, नाझी जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी ती, मग थेट विचारायचं, चक्रधर तिच्याशी वागला ते तुला पटलं का? नात म्हणेल पळपुटा आहे, तुम्हाला तिच्या वयात त्याची कीव आली असेल, तर तसं मोकळेपणाने सांगा पण तिचं मत खोडून काढू नका प्लीज, तिला तसं का वाटलं हे ऐकण्यातच खरी गंमत आहे.

आणि त्यांनी सुचवलेलं पुस्तक पण वाचायचंच!! इंग्रजी जड जात असेल तर अनुवाद बघा, डोळ्यांना त्रास होत असेल तर ऑडिओबुक लावा किंवा मोबाईलवर अक्षर मोठं करा. नाही आवडलं तर स्पष्ट सांगा, खोटं कौतुक त्यांना लगेच कळतं.

लांब राहत असतील तर आवडलेला उतारा वाचून व्हॉइस नोट पाठवा, मिनिटभराचीच, आणि पुढे काय होतं ते मात्र फोडू नका.