तक्रारीत कलम १४४ सुटू देऊ नका
पुण्यातल्या बुधवार पेठेच्या वेश्यावस्तीतल्या बायकांसोबत तक्रार लिहायला बसते, तेव्हा मी आधी हेच सांगते: फक्त दलालाचं नाव देऊन थांबू नका. बाईला किंवा मुलीला आणणारा-विकणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये येतो. पण ती तस्करीतून आलीय हे ठाऊक असून, किंवा तसं वाटायला कारण असून, जो तिला लैंगिक शोषणासाठी वापरतो, त्याला १४४ लागतं. अठराच्या आतली असेल तर ५ ते १० वर्षं, सज्ञान असेल तर ३ ते ७, वर दंड.

म्हणून बारकावे लिहा. कडी बाहेरून होती का? पैसे कोणाच्या हातात जायचे? गिऱ्हाईकासमोर ती काय म्हणाली, तिच्याच शब्दांत. ‘राजीखुशीने आली’ म्हणतील. तस्करी ठरवताना संमती बघितलीच जात नाही.

हद्दीचं कारण ऐकू नका, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत मोफत असते, ती हातात घेऊनच उठा.