रेई कावाकुबो यांचा नवा संग्रह पाहून आपली प्रतिक्रिया कशी लिहावी

जपानी फॅशन डिझायनर रेई कावाकुबो यांच्या ‘कॉम दे गार्सों’ या ब्रँडचा कपड्यांचा नवा संग्रह पॅरिसमध्ये सादर झाला की इंदूरच्या आमच्या घरात माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावणारे कोणी ना कोणी विचारतेच, ‘हे घालणार कोण?’ प्रश्न रास्त आहे आणि ज्याला स्वतःची प्रतिक्रिया लिहायची आहे त्याने तो अडाणीपणाचा समजून गिळून टाकू नये. वहीत सर्वांत आधी तोच उतरवावा. रेई कावाकुबो यांच्या १९९७ च्या वसंत-उन्हाळी संग्रहाची छायाचित्रे दाखवली तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, “अगं, ह्यांनी अंगाला उशा बांधल्यात की काय?” ताणल्या जाणाऱ्या चौकड्यांच्या कापडाखाली पाठीवर, कमरेवर आणि खांद्यावर खरोखरच गाद्या भरलेल्या होत्या, त्यामुळे कपड्याची रचना तिने पहिल्याच वाक्यात नेमकी सांगितली होती. पुढे त्याच वर्षी नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांनी आपल्या नर्तकांसाठी या कल्पनेवरचे पोशाख कावाकुबो यांच्याकडूनच करवून घेतले, हे मावशीला सांगितल्यावर तिने एवढेच विचारले की त्या उशा घालून नाचणाऱ्यांना उकडत नव्हते का. हाही प्रश्न वहीत गेला.

पहिल्यांदा पाहताना चित्रफितीचा आवाज बंद ठेवावा, कारण कपड्यांकडे पाहून काय वाटावे हे संगीत आपल्या आधीच ठरवून टाकते. अशी सादरीकरणे सहसा थोडक्यात आटोपतात. पाहून होताच, कोणाचेही परीक्षण न वाचता, दहा मिनिटांत जे सुचेल ते मराठीत लिहावे. त्यात ‘सुंदर’, ‘विचित्र’ आणि ‘हटके’ हे तीन शब्द वर्ज्य समजावेत. त्यांनी वाक्य भरते, पण कपडा दिसत नाही. त्याऐवजी शरीराचे शब्द वापरावेत: टोचेल, उकडेल, दारातून जाताना अडेल, हा घालून जेवायला बसता येणार नाही, हात कोठून बाहेर काढायचे ते कळत नाही.

दुसऱ्यांदा पाहताना तीनच पोशाख निवडावेत आणि ते शिंप्याच्या नजरेने पाहावेत. मुंढा (बाही जोडण्याची जागा) कोठे आहे, घेर कशाच्या जोरावर उभा राहिला आहे, अस्तर बाहेर का आले आहे, टीप मुद्दाम वर दिसू दिली आहे का, हे थांबवून थांबवून पाहावे आणि पेन्सिलीने वेडेवाकडे का होईना, रेखाटावे. चित्र काढताना जी रेघ जमत नाही तेथेच बहुधा त्या पोशाखाची गंमत असते. ‘फाटका’ हा शब्द मात्र जपून वापरावा. कावाकुबो यांनी १९८२ मध्ये भोकाभोकांचा एक काळा स्वेटर सादर केला होता आणि त्यासाठी विणकामाच्या यंत्राचे स्क्रू ढिले करून घेतले होते. म्हणजे ती भोके वापराने पडलेली नसून विणतानाच घडवलेली होती. आपल्या समोरचा पोशाख झिजला आहे की झिजल्यासारखा बेतला आहे, हे तपासल्याशिवाय त्याविषयीची नापसंतीही नीट लिहिता येत नाही.

येथे एक मोह आवरावा लागतो. किमोनो सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंदीच्या अरुंद कापडाच्या सरळ पट्ट्यांतून शिवतात. शरीराच्या वळणांप्रमाणे टक्स (आकारासाठी दुमडून घातलेल्या टिपा) घेऊन ते कापड छाटत नाहीत. नऊवारी नेसणाऱ्या किंवा नेसताना पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटते, कारण तेथेही आकार कात्री देत नाही, नेसणारीचा हात देतो. पण एवढे कळल्यावर प्रत्येक रुंद बाहीपुढे ‘किमोनोचा प्रभाव’ असे लिहिणे हा आळस आहे. कावाकुबो यांनी फॅशनचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही. त्या टोकियोच्या केइओ विद्यापीठात शिकल्या आणि एका कापड उत्पादक कंपनीच्या जाहिरात विभागात काम करून या क्षेत्रात आल्या. दुसरे जपानी डिझायनर योहजी यामामोतो यांनीही त्यांच्याप्रमाणेच १९८१ मध्ये पॅरिसमध्ये पदार्पण केले, तर तिसरे, इस्सेई मियाके, त्याआधीपासून तेथे होते, म्हणून तिघांना एकाच पेटीत घालू नये. मियाके यांच्या चुण्यांचा कपडा आधी कितीतरी मोठा शिवून मग कागदांच्या मध्ये ठेवून उष्णतेने दाबला जातो. ती वेगळीच विद्या आहे.

डोळ्यांनी पाहिलेले हातानेही तपासावे, आणि त्या बाबतीत इंदूरकर भाग्यवान आहेत. एम. टी. क्लॉथ मार्केट किंवा सीतलामाता बाजार येथे जाऊन जाड बकरम (कॉलरला ताठपणा देणारे कापड), कडक नेट आणि फोम यांचे अर्धा-अर्धा मीटर तुकडे आणावेत, खांद्यावर टाकून आरशासमोर उभे राहावे आणि मान कोठवर वळते ते पाहावे. दुकानदार काय शिवायचे आहे असे विचारेलच. मी ‘नाटकासाठी’ असे सांगते, कारण खरे उत्तर फार लांबते. घरात माहेश्वरी लुगडे असेल तर त्याची बुगडी किनार दोन्ही अंगांनी न्याहाळावी. उलटी-सुलटी दोन्ही बाजू वापरता येणारी ती किनार डोळ्यांत भरली की रॅम्पवरच्या कोटाची आतली बाजू बाहेर का काढली असेल, याचा विचार सुरू होतो.

लिहिताना पहिल्या दहा मिनिटांतले वाक्य जसेच्या तसे वर ठेवावे आणि त्याखाली, तसे का वाटले, हे निवडलेल्या तीन पोशाखांच्या आधारे सांगावे. मत बदलले असेल तर कोणत्या तपशिलाने बदलले तेही लिहावे. बदलले नसेल तर ओढूनताणून बदलू नये. मला स्वतःला कावाकुबो यांचे काही प्रचंड पोशाख आजही आवडत नाहीत, कारण त्यांत चालणारी मुलगी हरवते आणि फक्त वस्तू सरकताना दिसते. समीक्षकांचे लेखन या टप्प्यानंतरच वाचावे आणि त्यातून मिळालेली माहिती वेगळ्या शाईने नोंदवावी. पानावर तारीख घालावी, कारण पॅरिसमधील स्त्रियांच्या पोशाखांचे हंगाम वर्षातून दोनदा येतात आणि सहा महिन्यांनी पुढचा संग्रह पाहताना हेच पान शेजारी उघडे ठेवायचे असते.