‘सेट’ या शब्दाने मला जे शिकवले: मराठी माध्यमातून डिप्लोमाला जाणाऱ्यांसाठी

खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून एसएसएलसी (कर्नाटकातील दहावी) उत्तीर्ण होऊन मी बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश घेतला, तेव्हा लांबलचक इंग्रजी संज्ञांची मला धास्ती वाटत होती. प्रत्यक्षात फजिती केली ती ‘सेट’ या चिमुकल्या शब्दाने. अनोळखी शब्द आला की आपण शब्दकोश उघडतो, ओळखीचा शब्द मात्र येतोच असे धरून पुढे जातो.

पहिल्या वर्षी वर्कशॉपच्या तोंडी परीक्षेत ‘हॅकसॉ ब्लेडचा (धातू कापण्याच्या करवतीच्या पात्याचा) सेट म्हणजे काय?’ असा प्रश्न आला. गणितातील संच आणि आपल्याकडच्या हॉटेलांत एकावर एक येणारे मऊ सेट दोसे, एवढेच दोन सेट मला ठाऊक असल्यामुळे ‘एका पाकिटातील सगळी ब्लेडे’ असे उत्तर मी ठामपणे दिले. परीक्षक हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच. ब्लेडचे दात आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे कापताना पडणारी खाच ब्लेडच्या जाडीपेक्षा रुंद होते आणि ब्लेड धातूत अडकून बसत नाही. दातांच्या या वाकाला सेट म्हणतात. पुढे ‘पर्मनंट सेट’ भेटला, तो वेगळाच: लवचीकतेच्या मर्यादेपलीकडे भार दिलेली सळई भार काढल्यावरही पूर्ववत होत नाही आणि आकारातला जो बदल तिच्यात कायमचा उरतो, तो हा सेट. सिव्हिलच्या मित्राचा सेट आणखी निराळा होता, कारण साधे पोर्टलँड सिमेंट ३० मिनिटांच्या आत ‘सेट’ म्हणजे घट्ट होऊ लागता कामा नये आणि ६०० मिनिटांपर्यंत पूर्ण सेट झालेच पाहिजे, हे त्याला पाठ करावे लागे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या, २० खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती आणि तिच्यात सुमारे ४३० अर्थ दिले होते, हे वाचल्यावर मला जरा धीर आला. पुढे नव्या संपादनात ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकले. इतके अर्थ कोणी पाठ करत नाही, आणि करूही नयेत. मला उपयोगी पडले ते व्युत्पत्तीचे टोक: ‘सेट’ हे क्रियापद ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे, म्हणजे आपल्या ‘बसणे–बसवणे’सारखीच जोडी. आपण गणपती बसवतो, निखळलेले हाड बसवतो, यंत्र बसवतो, विस्कटलेली घडी पुन्हा बसवतो, आणि यांतला कोणताही अर्थ आपल्याला पाठ करावा लागलेला नाही. कन्नडातही गणपती ‘कूरिसतात’, तेही बसवणेच. मात्र ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. इंग्रजीत दहीही सेट होते, मराठीत ते लागते. आणि समूह या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आलेला असून त्याचे मूळच वेगळे आहे.

म्हणून नवख्या विद्यार्थ्याने शब्दापुढे एकच अर्थ लिहिण्याऐवजी तो ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य आणि विषयाचे नाव वहीत उतरवावे, असे मी सुचवेन. शेजारचा छोटा शब्दही सोडू नये. ‘सेट असाइड’ म्हणजे एरवी बाजूला ठेवणे, पण न्यायालयाने आदेश ‘सेट असाइड’ केला तर तो रद्द झाला. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, तर हिशेबात तीच वजावट.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागल्यावर हा शब्द दिवसभर कानांवर पडू लागला. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कोअर सेट करणे म्हणजे साच्यात वाळूचा गाभा नेमक्या जागी बसवणे. मशीन शॉपमध्ये ‘सेटर’ हा ऑपरेटरहून वेगळा माणूस, जो जॉब (ज्यावर काम करायचे तो तुकडा) आणि टूल (कापणारे हत्यार) बसवून मशीन तयार करून देतो. (‘सेटिंग लावली’ याचा बाहेरचा अर्थ वाचकांना सांगायला नको.) आता नवीन मुले शिकायला येतात, तेव्हा व्याख्या सांगण्याआधी मी त्यांच्या हातात हॅकसॉचे ब्लेड देतो आणि दातांची कड डोळ्यांच्या रेषेत धरून उजेडाकडे पाहायला सांगतो.