घनमीटर-लिटरच्या हिशेबात या चुका टाळा

टाकीची मापं १२० सेंमी, ८० सेंमी आणि ५० सेंमी. गुणाकार केला, ४,८०,००० घनसेंमी आले. आता घनमीटर हवेत. हात आपोआप १०० कडे जातो, कारण १ मीटर म्हणजे १०० सेंमी हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. भागलं की उत्तर येतं ४,८०० घनमीटर. ५० × २५ × २ मीटरचा पोहण्याचा तलाव २,५०० घनमीटरचा असतो. म्हणजे गुडघाभर उंचीच्या टाकीत जवळपास दोन तलाव मावले!

घन म्हटलं की लांबी, रुंदी, उंची तिन्ही बदलतात. १०० × १०० × १००, म्हणजे १० लाखांनी भागायला हवं. खरं उत्तर ०.४८ घनमीटर, अर्थात ४८० लिटर.

चुकलेलं उत्तर लगेच खोडू नका. ते किती पटींनी चुकलंय ते पाहा, चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते. वरचं उत्तर १०,००० पट आहे: १०० ने एकदाच भागलं, दोनदा राहिलं. १,००० पट असेल तर घनमीटर आणि लिटर यांची अदलाबदल झाली असेल, किंवा लांबी-रुंदी मीटरमध्ये आणि जाडी मिलिमीटरमध्ये घेतली असेल. ४ मीटर × ३ मीटर × १०० मिमीचा थर १.२ घनमीटरचा असतो, १,२०० चा नव्हे. गुणायच्या जागी भागलं किंवा उलट केलं, तर चूक दुप्पट शून्यांची होते. २५० मिलिलिटरला १,००० ने गुणून २,५०,००० लिटर काढलेत, तर ते ०.२५ लिटरच्या १० लाख पट झाले. एकक मोठं झालं की आकडा लहान होतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दहापटीची चूक सहसा डेसिलिटर-सेंटिलिटरमध्ये होते. १ लिटरमध्ये १० डेसिलिटर, १०० सेंटिलिटर. पण फरक दहापटीहून जरासा जास्त दिसला, तर कागदच पुन्हा वाचा. रोमन लिपीतला लहान ‘एल’ एकच्या आकड्यासारखा दिसतो आणि ५ लिटरचे ५१ होतात. याच घोटाळ्यामुळे १९७९ मध्ये लिटरसाठी मोठ्या ‘एल’लाही मान्यता मिळाली.

आता खरी गोम. ‘किलोलिटर’मधला किलो लिटरला लागतो, म्हणून १ किलोलिटर = १,००० लिटर. ‘घनकिलोमीटर’मध्ये मात्र आधी किलोमीटर तयार होतो आणि मग त्याचा घन. म्हणून १ घनकिलोमीटर म्हणजे १,००० घनमीटर नव्हे, १ अब्ज घनमीटर. लिटरच्या कुटुंबात दर पायरी १० ची, घनाच्या कुटुंबात १,००० ची. दोन्हींना जोडणारे पूल तोंडपाठ असू द्या: १ मिलिलिटर = १ घनसेंमी (सीसी म्हणतात तेच), १ लिटर = १ घनडेसिमीटर, १ किलोलिटर = १ घनमीटर. आणि हो, ‘५ घनमीटर’ वेगळं, ‘५ मीटर बाजूचा घन’ वेगळा. दुसऱ्याचं घनफळ १२५ घनमीटर.

लिटर म्हणजे किलो, हा समज मात्र अगदीच निराधार नाही. १९०१ ते १९६४ लिटरची अधिकृत व्याख्याच १ किलो पाण्याचं घनफळ अशी होती. आज लिटर म्हणजे नेमका १ घनडेसिमीटर, आणि किलोशी बरोबरी पाण्यापुरतीच, तीही अंदाजे. एक लिटर पारा साडेतेरा किलोच्या वर भरतो.

उत्तर दहा, शंभर, हजार अशा कोणत्याच पटीत चुकलेलं नसेल, तर रूपांतराला दोष देऊ नका. बाहेरून ५० × ३० × ४० सेंमी मोजलेली काचेची पेटी ६० लिटरची वाटते. काच १ सेंमी जाड आणि वरून उघडी असेल, तर आतली मापं ४८ × २८ × ३९ आणि धारकता ५२.४ लिटर. अशा वेळी दशांशचिन्ह सरकवत बसू नका, टेप आतून लावा.